वांद्र्याचा इतिहास शोधायचा तर जागा धरून चला

वांद्र्याचा इतिहास लिहायला घेणारे बहुतेक जण आधी समाज वाटून घेतात. एक प्रकरण कोळ्यांचं, एक ईस्ट इंडियनांचं (इथला मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज), मग कोकणी मुसलमान, पारशी, गोवेकर, सिंधी. शेवटी सहा वेगळे इतिहास हातात येतात आणि त्यांची एकमेकांशी कुठेच गाठ पडत नाही. त्याऐवजी एखादी पाखाडी, म्हणजे गावातली छोटी वस्ती, किंवा रस्त्याचा तुकडा घ्यावा आणि या जमिनीवर कोणाकोणाचं नाव लागत गेलं, एवढंच विचारावं. मग हीच माणसं विकणारा, घेणारा, भाडेकरू, शेजारी अशा नात्यांनी एकाच कागदावर भेटतात. पुढची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे.

पहिल्या खेपेला अख्खं वांद्रं घेऊ नका. रनवार, चिंबई, शेर्ली, पाली यांपैकी एक गाव किंवा बाजार रोडचा दोन-तीनशे मीटरचा पट्टा पुरे. साधारण पंधरा ते पंचवीस भूखंड असतील असं क्षेत्र निवडा. त्याहून जास्त घेतलं की प्रत्येक भूखंडाचे कागद अर्धवट राहतात, आणि मालकीच्या अर्धवट साखळीतून काढलेला निष्कर्ष हमखास चुकतो.

कोणत्या साली कारभार कोणाचा होता?

वांद्र्याचे कागद एका जागी मिळत नाहीत, कारण वांद्रं मुंबईत फार उशिरा आलं. ते साष्टी बेटावर आहे. मधे माहीमची खाडी होती आणि दोन्ही बाजूंचं राज्य बराच काळ वेगळं होतं. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगिजांकडे गेली. पुढे मुंबई बेट १६६१ च्या विवाह-तहाने इंग्रजांना मिळालं, तरी साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत ती मराठ्यांनी घेतली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरचा त्यांचा ताबा पक्का झाला. त्यानंतर वांद्रं ठाणे जिल्ह्यात होतं. तिथे १८७६ मध्ये स्वतंत्र नगरपालिका झाली, १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निघाला आणि १९५० मध्ये वांद्रं बृहन्मुंबई महापालिकेत आलं. आजचा उपनगर जिल्हा १९९० पासूनचा आहे. त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेलाच आहे, पण वांद्र्याचा तालुका मात्र अंधेरी.

ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण कुठल्या सालासाठी कुठलं दार ठोठावायचं हे त्यावरूनच ठरतं. मराठी अंमलातल्या साष्टीचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात, मोडी लिपीत. पोर्तुगीज काळाचा पत्रव्यवहार पणजीच्या पुराभिलेखागारात. कंपनी सरकार आणि मुंबई इलाख्याचे कागद महाराष्ट्र राज्य पुराभिलेख संचालनालयात. तिथे जाताना ओळखपत्र, अर्ज आणि नेमका विषय व वर्षं ठरवून जा. ‘वांद्र्याबद्दल जे असेल ते दाखवा’ असं म्हणणाऱ्याला तिथे काही मिळत नाही. महसूल विभागाचे खंड सालवार लावलेले असतात, म्हणून ‘महसूल, ठाणे जिल्हा, १८६० ते १८६५’ अशी मागणी करावी.

इथे एक चूक फार जण करतात. ‘मुंबई शहर आणि बेट’ या नावाचं १९०९-१० चं तीन खंडी गॅझेटिअर उघडायचं आणि त्यात वांद्रं शोधायचं. ते गॅझेटिअर माहीमला संपतं. वांद्र्याची माहिती ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आहे: १८८२ चा तेरावा खंड, दोन भागांत, आणि स्थळवर्णनाचा चौदावा खंड. शासनाच्या दर्शनिका (गॅझेटिअर) विभागाने हे खंड संगणकावर उपलब्ध करून दिले आहेत. जनगणनेचंही तसंच. १९११ पर्यंतची जनगणना ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात पाहावी लागते, १९२१ पासून उपनगर जिल्ह्यात. धर्म-भाषेचे आकडे पाखाडीच्या पातळीवर मिळत नाहीत, तेव्हा त्यांतून आपल्या गल्लीबद्दल काही सिद्ध होईल ही आशा सोडा.

वांद्रं मुंबईच्या कागदांत शोधू नये, या नियमाला एक मोठा अपवाद आहे. मुंबई महापालिकेचा कत्तलखाना वांद्र्यात होता, म्हणजे महापालिकेच्या हद्दीबाहेर. त्यामुळे वांद्रं मुंबईत नसतानाच्या काळातही मुंबई महापालिकेच्या वार्षिक अहवालांत वांद्र्याचा मजकूर सापडतो. हा कत्तलखाना १९७१ मध्ये देवनारला गेला. वांद्र्यातल्या मुसलमान वस्तीचा आणि मांस-चामड्याच्या धंद्यांचा इतिहास शोधताना हे अहवाल टाळून चालत नाही.

नावांचा घोळ आधी मिटवा

शोध सुरू करण्यापूर्वी नावांची यादी करा आणि प्रत्येक रूपाने स्वतंत्र शोध घ्या. वांद्रे, वांदरे, बांद्रा. रोमन लिपीत बँडोरा, बंदोरा. साष्टी म्हणजेच साल्सेट. गोव्यातही साष्टी आहे, त्यामुळे पणजीच्या सूचीत प्रत्येक नोंद वसई प्रांताची आहे ना, हे तपासल्याशिवाय उतरवू नका.

रस्त्यांची नावं बदलली आहेत आणि दस्तांत जुनीच आहेत. घोडबंदर रोड आता स्वामी विवेकानंद मार्ग, टर्नर रोड गुरू नानक मार्ग, हिल रोड रामदास नायक मार्ग, लिंकिंग रोड विठ्ठलभाई पटेल मार्ग, कार्टर रोड नौशाद अली मार्ग.

समाजांची नावंही काळाप्रमाणे बदलतात. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, संघटना स्थापून घेतलं. त्याआधीच्या कागदांत हेच लोक ‘नेटिव्ह ख्रिश्चन’ किंवा ‘पोर्तुगीज’ म्हणून येतात. १८५० च्या अहवालात ‘पोर्तुगीज’ दिसलं की लिस्बनचा माणूस समजू नका. बहुधा तो इथलाच, मराठी बोलणारा ख्रिस्ती शेतकरी असतो. घरांनाही हेच लागू आहे. रनवारमधल्या लाकडी जिन्यांच्या, कौलारू घरांना सर्रास ‘पोर्तुगीज घर’ म्हणतात, पण त्यांतली बरीचशी पोर्तुगीज गेल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी बांधलेली आहेत.

एका भूखंडाची साखळी

आता मुख्य काम. आजपासून मागे जायचं, सगळ्यात जुन्या कागदापासून सुरुवात करायची नाही.

प्रथम भूखंडाचा सिटी सर्व्हे नंबर काढा आणि त्यावरून मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मिळवा. महाभूमी संकेतस्थळावर ते मिळतं, पण कुलाबा ते दहिसर सगळीकडे नंबर सारखेच वाटतात, म्हणून जिल्हा, कार्यालय आणि गाव हे तिन्ही रकाने नीट निवडा. पत्रकावर धारणाधिकार, मूळ धारक आणि तारीखवार फेरफार असतात. इथला सिटी सर्व्हे स्वातंत्र्यानंतरचा, त्यामुळे पत्रक फार मागे नेत नाही. ‘मूळ धारक’ म्हणजे जमिनीचा पहिला मालक नव्हे. सर्व्हे झाला त्या वेळी जो होता तो.

त्यामागे जाण्यासाठी नगररचना योजना. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली वांद्र्यात योजना आखल्या गेल्या. शेतांचे वेडेवाकडे तुकडे गोळा करून रस्ते सोडले आणि चौकोनी भूखंड परत वाटले. या प्रत्येक योजनेबरोबर पुनर्वाटप आणि मूल्यांकनाचा तक्ता असतो. डावीकडे मूळ भूखंड, त्याचा जुना सर्व्हे नंबर, मालक, क्षेत्र. उजवीकडे अंतिम भूखंड आणि त्याचं क्षेत्र. एका कागदावर अख्ख्या वस्तीचे मालक एका सालातले मिळतात, म्हणून माझ्या मते वांद्रे पश्चिमेसाठी याहून मोलाचा दुसरा कागद नाही. तो महापालिकेच्या विकास नियोजन खात्याकडे असतो. सहज दाखवला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: दहा रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक, तीस दिवसांची मुदत. अर्जात योजनेचं नाव, क्रमांक आणि ‘पुनर्वाटप तक्ता व नकाशा’ असं स्पष्ट लिहा आणि आधी प्रतींऐवजी अवलोकन मागा. सगळ्या योजनांच्या सगळ्या प्रती मागणारे अर्ज ‘माहिती विस्तृत स्वरूपाची’ म्हणून परत येतात.

म्हणजे एकाच जागेला तीन नंबर झाले: जुना सर्व्हे नंबर, अंतिम भूखंड क्रमांक आणि सिटी सर्व्हे नंबर. प्रत्येक भूखंडासाठी तिन्ही एका ओळीत लिहा. हे न केल्यामुळे एकाच प्लॉटचा इतिहास दोन प्लॉटांच्या नावावर मांडलेला अनेकदा दिसतो.

योजनेच्याही मागे जुने सातबारा आणि फेरफार आहेत, ते तहसील कार्यालयात. वारसाच्या फेरफारात अख्खं कुटुंब सापडतं: मयताचं नाव, मुलं, विधवा, कधी वय, कधी ‘मुक्काम नैरोबी’ असाही शेरा. विक्रीसाठी दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी, पाहा. मुंबईची सूची १९८५ पासून संगणकावर शोधता येते, त्याआधीची हाताने. जुना दस्त मिळालाच तर किंमत वाचण्याआधी चतुःसीमा वाचा. ‘पूर्वेस अमक्याची वाडी, पश्चिमेस मशिदीची जागा, दक्षिणेस विहीर’ एवढ्या तीन ओळींत शेजार उभा राहतो, आणि ज्याचा एकही कागद उरला नाही असा माणूसही तिथे नावानिशी भेटतो.

क्षेत्राची एककं मिसळलेली असतात. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक गुंठा १२१ चौरस वार, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. सगळं चौरस मीटरमध्ये आणा, पण मूळ आकडाही शेजारी ठेवा. योजनेत रस्त्यासाठी जागा कापली गेली की अंतिम भूखंड मूळ भूखंडापेक्षा लहान असतो. ती तफावत म्हणजे चोरी किंवा अतिक्रमण असं कुणी समजू नये.

वांद्र्यापलीकडे, गोरेगाव-मालाडच्या बाजूला हीच पद्धत वापरायची असेल तर आणखी एक थर लागतो. १८३० च्या सुमारास कंपनी सरकारने साष्टीतली गावंच्या गावं पारशी आणि इतर धनिकांना इनाम-पट्ट्याने दिली. बैरामजी जीजीभाईंची इस्टेट त्यांतलीच. त्या गावांत कुळाचं नाव सरकारी दफ्तरात दिसत नाही, कारण वसूल इस्टेट करी. १९५१ च्या साष्टी इस्टेट कायद्यानंतर कुळं एकदम दिसू लागतात. याचा अर्थ ती तेव्हा आली असा नाही.

नकाशा

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. सहा ते आठ खुणेचे बिंदू घ्या: सेंट अँड्र्यू चर्च, किल्ल्याचा बुरूज, माहीम कॉजवेचं टोक, वांद्रे स्टेशन, तलावाचे कोपरे, जुने रस्ते मिळतात ती तिठी. बिंदू चारी बाजूंना पसरलेले असावेत. सगळे स्टेशनजवळ घेतले तर समुद्राची बाजू शंभर मीटर सरकते. किनाऱ्याची रेषा खुणेसाठी कधीही वापरू नका. रेक्लमेशनमध्ये ती पुढे गेली आहे आणि मिठीच्या बाजूला दलदल भरून जमीन झाली आहे.

कॉजवे १८४५ मध्ये खुला झाला. त्यासाठी लेडी जमशेटजी जीजीभाई यांनी दीड लाखाच्या वर रुपये दिले. बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेची विरारपासूनची उपनगरी गाडी १८६७ ची. नकाशावर साल नसेल तर या दोन गोष्टी आहेत की नाहीत, यावरून तो स्थूलमानाने लावता येतो. १९०४ ची माउंट मेरीची आजची इमारत फोटोंसाठी अशीच उपयोगी आहे.

चर्च, मशीद, अग्यारी, शाळा

भूखंडावरची नावं मिळाली की माणसं शोधायला या नोंदी. चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या वह्या पॅरिशमध्येच असतात, जुन्या लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये. फादरना लेखी विनंती करा, नाव आणि वर्षांचा पट्टा द्या, वही स्वतः चाळण्याचा आग्रह धरू नका. एखाद्या कुटुंबाची नोंद मधेच तुटली तर कुटुंब गेलं असं समजण्याआधी अधिकारक्षेत्र तपासा. पाद्रोआदो (पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालची) आणि प्रोपगांडा (थेट रोमच्या अखत्यारीतली) या दोन चर्चसत्तांचा वाद वांद्र्यात चांगलाच पेटला होता, आणि १८८६ ते १९२८ या काळात पाद्रोआदोची इथली चर्चेस दमण धर्मप्रांताखाली होती. कुटुंबं एका चर्चमधून दुसऱ्यात जात. सेंट अँड्र्यूच्या बांधणीचं साल कुठे १५७५, कुठे १६१६ दिलेलं आढळतं. सुरुवात आणि पूर्तता यांत गल्लत झालेली असते, तेव्हा दोन्ही साल लिहून कशाचं कोणतं ते नोंदवा.

रस्त्यावरचे क्रूस म्हणजे उघड्यावरचं दफ्तर. १८९६ च्या प्लेगनंतर अनेक क्रूस उभारले गेले. लेख वाचायला सकाळची तिरकी उन्हं किंवा संध्याकाळी बाजूने धरलेला टॉर्च वापरा. खडू, तेल, पाणी काहीही लावू नका; दगड खराब होतो आणि वस्तीचा विश्वासही जातो. क्रूसावरचं साल पुष्कळदा दुरुस्तीचं असतं. चारही बाजू पाहा, ‘पुन्हा बांधला’ हे मागे लिहिलेलं असतं.

इतक्या समाजांचं गाव म्हणजे तितक्याच कालगणना. मशिदीवर किंवा कबरीवर हिजरी सन असेल तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. १३०० हिजरी म्हणजे १८८२-८३. पारशी लेखावरच्या यज्दगर्दी सनात ६३० मिळवा, नववर्षाआधीची तारीख असेल तर ६३१. विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा. पेशवाई कागदांवरचा अरबी सन मृगाला बदलतो: जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवा, जानेवारी ते मेसाठी ६००. वसई पडली तो मे १७३९ म्हणजे अरबी सन ११३९. रूपांतर केलेलं साल मूळ सालाशेजारी लिहा, त्याच्या जागी नको.

शाळेचं जनरल रजिस्टर हा दुर्लक्षित खजिना. जन्मगाव, आधीची शाळा, सोडल्याची तारीख आणि कारण, एवढं एका ओळीत असतं. सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ ची आहे, म्हणजे तिथे स्थलांतराची जवळपास सव्वाशे-दीडशे वर्षं पाहता येतील, अर्थात शाळेने परवानगी दिली तर. नावं न घेता फक्त जन्मगाव आणि वर्ष मागितलं तर परवानगी मिळण्याची शक्यता वाढते. संस्थेचं स्थापनावर्ष मात्र सावधपणे वाचा. आर. डी. नॅशनल कॉलेज सिंधमधल्या हैदराबादला १९२२ मध्ये निघालं आणि फाळणीनंतर १९४९ मध्ये वांद्र्यात पुन्हा उभं राहिलं. पाटीवरचं १९२२ वांद्र्याचं नाही, पण सिंधी समाज इथे आपल्या संस्था घेऊन आला याचा तो ठसठशीत पुरावा आहे.

रुळांच्या पूर्वेला

पूर्वेला वरची पद्धत अर्धीच चालते, कारण तिथे राहणारा आणि जमिनीचा धारक बहुतेक ठिकाणी वेगळा आहे. शासकीय वसाहत, कलानगर, साहित्य सहवास यांचे कागद सरकारी वाटपात आणि सोसायट्यांच्या सभावृत्तांत आहेत. खाडीच्या बाजूची वांद्रे-कुर्ला संकुलाची जमीन पाहायची तर १९७७ मध्ये एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) तिथे विशेष नियोजन प्राधिकरण झालं, तिथून सुरुवात करा. बेहरामपाड्यासारख्या वस्तीत मालमत्ता पत्रक जवळपास निरुपयोगी. तिथे जुनं शिधापत्रक, वीजबिल, झोपडीचा फोटोपास, मतदार यादी यांवरून साल बांधावं लागतं. १९९२-९३ च्या दंगलींसाठी श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाचा दुसरा खंड पोलीस ठाण्यांनुसार लावलेला आहे; निर्मलनगर ठाण्याचं प्रकरण वाचल्याशिवाय त्या काळाच्या मुलाखती घेऊ नयेत. आणि मिळालेली व्यक्तिगत कागदपत्रं कधीही प्रसिद्ध करू नयेत. त्यावर कुणाच्या तरी घराचा हक्क टांगलेला असतो.

मुलाखती सगळ्यात शेवटी

बहुतेक जण इथून सुरू करतात आणि मग ‘आम्हीच इथले मूळचे’ या वाक्यावर अडकतात. ते कोळी म्हणतील, भंडारी म्हणतील, ईस्ट इंडियन म्हणतील. वाद घालू नका. साखळीचा नकाशा समोर पसरा आणि विचारा: ही विहीर कोणाची होती, पाणी कोणाला भरू देत, इथे भाडं कोण गोळा करी? जागेबद्दल विचारलं की उत्तरं नेमकी येतात.

साल विचारू नका, घटना द्या: एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट, १९६५ चा ब्लॅकआउट, कत्तलखाना हलला तेव्हा. दीड तासाच्या वर बसू नका आणि दोन यंत्रांवर ध्वनिमुद्रण करा. संमती लेखी घ्या. त्यात ‘नाव छापावं’ आणि ‘नाव छापू नये’ असे दोन पर्याय ठेवा. शब्दांकन करताना ईस्ट इंडियन किंवा कोळी बोली प्रमाण मराठीत दुरुस्त करू नका. पुस्तकी मराठीत घातलेली आगरी-कोळी म्हातारी कुणालाही ओळखू येत नाही, तिच्या नातवंडांनाही नाही.

प्रत्येक भूखंडाची एक फाईल ठेवा. तिच्यावर तिन्ही नंबर, आत कागद सालवार, आणि प्रत्येक प्रतीच्या मागे ती कोणत्या कार्यालयातून, कोणत्या खंडातून, कधी घेतली ते पेन्सिलीने लिहिलेलं. मुलाखतीत आलेली आणि कागदावर नसलेली माहिती वेगळ्या रंगाच्या पानावर उतरवा. पुढच्या माणसाला कोणती गोष्ट कागदावर आहे आणि कोणती तोंडी, हे न विचारता कळलं पाहिजे.